शेऱ्याचा रकाना

बेलापूरच्या धारण तलावावर रात्रपाळी.
रजिस्टरात रकाने पाच:
वेळ, पातळी, पंप, खाडीची भरती
आणि शेवटचा, शेऱ्याचा.
शेऱ्यात आम्ही लिहितो निरंक.
चौदा वर्षं लिहितोय.

वादळाचा मेसेज संध्याकाळी आला.
शेकाट्यांनी दुपारीच सांगून ठेवलं होतं.
एरवी गुडघाभर पाण्यात पांगून उभे राहणारे,
आज बांधाच्या आडोशाला दाटीनं,
सगळ्यांची चोच वाऱ्याकडे.
पाठ केली तर पिसं उलटी फुलतात,
मढवी म्हणाला.
त्याच्या आईचा बाप दिवाळ्याचा,
होडीही तशीच बांधायचा म्हणे,
नाळ वाऱ्याला.

पिठोरी अमावास्येचं उधाण.
बाराच्या आधीच झडपा आपोआप मिटल्या.
पलीकडे खाडी, अलीकडे शहराचं पाणी,
मध्ये बोटभर जाडीचं लोखंड.
तिवरांचे शेंडे पार आडवे,
आणि त्यांच्या पोटातून रातढोकऱ्या,
वाक्, वाक्,
गळा धरलेल्या माणसासारख्या.
केबिनचा पत्रा जाईल असं वाटलं.
गेला नाही. चहाचा थर्मास गेला.

एक वीसला कठड्यावर काहीतरी आपटलं.
टॉर्च मारला:
वर काळपट, खाली पांढरा,
कपाळावर चुन्याचं बोट ओढल्यासारखं.
कुरव नव्हे, सुरय नव्हे,
या तलावाचे सगळे मला चेहऱ्यानं ठाऊक.
हा खोल समुद्रावरचा.
जमीन यानं अंड्यांपुरती पाहिली असेल,
आणि आता पायाखाली
नंबर घातलेला सरकारी पाइप.

टॉर्च विझवला.

पातळी एक-पंच्याऐंशी.
दोन मीटरला पंप तीन लावायचा, असा नियम,
आणि पंप तीन नेमका त्याच्या खाली.
लावला की अख्खा कठडा थरथरतो,
दात वाजावेत तसा.
एक-नव्वद.
एक-शहाण्णव.
पलीकडच्या सेक्टरात तळमजल्यावर
आतापर्यंत गाद्या पलंगावर चढल्या असतील.
दोन.
दोन-शून्य-तीनला मी बटण दाबलं.

तो हलला नाही.
तेव्हा कळलं, किती दमलाय.

चारच्या सुमारास खाडी मागे सरली,
झडपा कुरकुरल्या, पाणी सुटलं.
पाण्याबरोबर थर्माकोल, एक शाळेची चप्पल,
आणि उजाडताच नळाच्या तोंडाशी
बगळ्यांची रांग, मासळी घ्यायला.
त्यांना रात्रीचं काही नाही.

मढवी सातला आला, ओली चप्पल झटकत.
त्याला दाखवायला वळलो,
कठडा रिकामा.
खाली चिखलातही पाहिलं दोघांनी,
न बोलता, दोन्ही बाजूंनी.
नव्हता.

मग रजिस्टर ओढलं.
पान दमट, पेन अडखळत होतं.
शेऱ्यात लिहिलं:
पंप तीनवर एक पाहुणा, आला १.२०.
गेल्याच्या वेळेची जागा मोकळी सोडली.

साहेब विचारतील, मी म्हटलं.
मढवी म्हणाला, विचारू देत.