समासातल्या फुल्या

कुताइसीत, रिओनीच्या काठी,
बंद पडलेल्या चहा-कारखान्याच्या माडीवर
आमचा सहा आठवड्यांचा वर्ग.
म्झेविनार बाईंनी पहिल्याच दिवशी
सगळ्यांना लॅपटॉप मिटायला लावले.
"आधी गप्प बसायला शिका.
प्रश्न विचारला की सातपर्यंत मोजा.
माणूस खरं बोलतो ते सहाच्या पुढे."

गोचाला हे पटलं नाही. त्याचा हात सुटलेला.
चौकट, बाण, शंकरपाळं, पुन्हा बाण,
अख्खं इस्पितळ दुपारपर्यंत कागदावर.
माझ्या वाट्याला आला धोबीखाना.

तळघर. वाफेनं चष्मा आंधळा.
त्सियाला, वय एकसष्ट, कोपरापर्यंत ओली,
आणि खिळ्याला दोरीनं टांगलेली तिची वही:
आलेल्या चादरी, गेलेल्या, फाटक्या.
तीन रकाने. सोपं आहे, मी मनात म्हटलं,
एक तक्ता, दोन बटणं, जेवणाआधी आवरेल.
मग समासातल्या फुल्या दिसल्या,
कुठे एक, कुठे चार,
पेन्सिलीच्या, घाईतल्या.

"ह्या कसल्या?"
एक. दोन. तीन.
यंत्र गदगदत होतं.
चार. पाच.
तिनं एप्रनला हात पुसले.
सहा.
माझ्या जिभेवर दुसरा प्रश्न येऊन थांबलेला.
"पोरांच्या वॉर्डाच्या. त्या मी शेवटी वाळवते,
म्हणजे वर जाताना गरम जातात."
"असं करायला कोणी सांगितलंय?"
"ह्यात सांगायचं काय?"

संध्याकाळी माझी आकृती भिंतीवर लागली.
गोचा म्हणाला, ही फुली कुठेच बसत नाही,
मागणी कुणाची नाही, चाचणी घेणार कशी?
त्याचं चुकत नव्हतं.
गरम म्हणजे किती गरम,
हे विचारायचं माझ्याकडूनही राहिलंच होतं.

बाई चष्मा कपाळावर सारून
नुसत्या बघत राहिल्या.
मी मोजत होतो. अकरापर्यंत गेलो.
"उद्या परत जा," म्हणाल्या,
"आणि काही विचारू नकोस.
चादरी उचलू लाग."

गेलो. सकाळी सव्वापाचला.
लिफ्ट बंद, म्हणजे नेहमीसारखीच बंद.
छातीशी चौदा चादरी, पुढे त्सियाला,
दर जिन्याला एकदा थांबणारी.
चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा
वरच्या तीन गार पडल्या होत्या,
मधल्या कोमट.
तिनं तळातली काढली,
गालाला लावून पाहिली,
आणि पहिल्या खाटेकडे वळली.

मी वही उघडली.
आकृतीच्या मथळ्यावर काट मारली
आणि लिहिलं:
आधी लिफ्ट.