हयातीची खूण

नाव काय लिहू म्हणता?
आंग्र्यांच्या गलबतावर मी हसाजी तेली होतो.
जंजिऱ्याला हसन म्हणून हाक यायची, मी ओ द्यायचो.
गडावर नाव कुणी विचारलंच नाही,
'नवगावचा एक' असं मांडलं आणि शिधा तोलला.
तुमच्या वहीत साहेबानं माझं खरं नाव लिहिलंय म्हणतात,
यहेज्केल. पोथीतलं.
त्या नावानं मला आजवर कुणी जेवायला बोलावलेलं नाही.
लिहा कुठलंही. पेन्शन एकच आहे.

वय?
घाण्याचा आमचा आंधळा बैल मेला
त्या साली मी पंधराचा होतो.
बापानं बैलाच्या जागी मला जुंपायचं ठरवलं,
मी रात्री पोहत जाऊन गलबत गाठलं.
तोफेच्या गाड्याला तेल लागतं, दामलेसाहेब.
तेल्याच्या पोराला काम मिळायला उशीर लागत नाही.

दोन वर्षं आंग्र्यांचं मीठ खाल्लं
आणि हबशाच्या मिठागरांवर गोळे टाकले.
मग पगार तटला, तेव्हा हबशाचं मीठ खाल्लं,
म्हणजे तेच, ज्या मिठागरांवर मी
बरं, हसू नका.

खूण? डाव्या गुडघ्याखाली.
हात लावून बघा, आत अजून शिसं आहे,
थंडीत माझ्याआधी तेच जागं होतं.
कुणाच्या चाकरीत लागली, असा रकाना आहे ना तुमच्याकडे?
ही गोळी तुमचीच. कंपनी सरकारची.
मी तटावर होतो, पेशव्यांची नाचणी पोटात,
खालच्या काजूंतून तुमची पलटण वर आली.
चौथ्या दिवशी गड पडला.
सहाव्या महिन्यात त्याच पलटणीत
मी कवायत शिकत होतो, किंचित लंगडत.
डॉक्टर म्हणाला, काढू. मी म्हटलं, असू दे,
सरकारी माल आहे.

नका लिहू? बरं, नका लिहू.

शनवारचा पहारा माझ्याऐवजी धाकनाक करी, वेळासचा.
त्याच्या बदली मी शिमग्याचे पाच पहारे.
वर्षाचे पन्नास शनवार आणि तुझे पाच,
हा कसला हिशेब, मी म्हणायचो.
तो म्हणे, तू शिमगा खेळलायस का कधी?
मुलतानच्या खंदकात राहिला तो.
त्याच्या बायकोचे पैसे इथूनच जातात ना?
जातात का?

राणीचं राज्य झालं म्हणता.
चला, या खेपेला पोहावं तरी लागलं नाही.
ओसरीवर बसल्या बसल्या धनी बदलला.

अंगठा?
नाही. शाई मागे घ्या.
तारीख शनवारी आली, यात तुमचा दोष नाही.
पहारा बदलून मिळतो, लढाई मिळत नाही.
चारही फौजांत शनवारी बत्ती लावलीय मी,
आणि धूर निवल्यावर
पलीकडे कोण पडलंय तेही बघितलंय.
तेव्हा कुणी अंगठा मागितला असता तर दिला असता.
आज नाही.
सोमवारी या म्हणा, सोमवारी येतो.
तोवर वहीत मेलेला धरा.

*

उतरत्या उन्हाला कचेरीला कुलूप घातलं.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नव्हतं मी,
दौत नुसती उघडून मिटली होती.
म्हातारा अजून उंडीखाली बसलेला,
पागोटं मांडीवर, लंगडा पाय पुढे ताणून.
भोवती पिकून पडलेल्या उंड्यांचा सडा.
काठीच्या टोकानं एकेक दाखवत मोजत होता,
उचलत नव्हता.
मी जवळून जाताना थांबलो,
काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, काय चाललंय?
"पावशेर तेल निघेल," तो म्हणाला,
आणि आभाळाकडे बघितलं,
"तीन चांदण्या दिसल्या, की मग."