काखेत

चौथ्या दिवशी त्यांनी मला चहा दिला.
तोवर सगळे माझ्या टोपीवरच्या ताऱ्याशी बोलत होते,
माझ्याशी नाही.

मार्मॉट कोणी मारला?
कोणीच नाही.
कातडं कोणी सोललं?
कसलं कातडं, मेजरबाई?
शिकारीला बंदी आहे, हे आम्हांला शाळेपासून पाठ.
आणि तंबूमागे, शेणींच्या ढिगाखाली
घाईने पुरलेला चरबीचा डबा
कुत्रं माझ्या डोळ्यांदेखत उकरत होतं.

दंड करायला आलेले नाही, असं मी म्हणते.
दर उन्हाळ्यात म्हणते, एकवीस वर्षं झाली.
पण पायांत फौजेचे बूट घालून म्हटलेलं
कोण खरं मानणार?

खोव्दच्या पश्चिमेला, या दरीत, सकाळचं काम साधं असतं.
शिपाई पुरेव फलाणीची पांढरी चिंधी काठीला बांधतो,
बिळात सारतो, जपून बाहेर ओढतो,
आणि मी चिंधीवरच्या पिसवा मोजते.
नऊ. शून्य. शून्य. एकतीस.
एकतीसला आम्ही दोघंही गप्प होतो.
मग नळ्या, बुचं, मेण.
वर पेन्सिलीने तारीख,
कारण शाई इथे सप्टेंबरातच गोठते.

त्सेरेनपिल गेला तो ट्रकमध्ये,
तालुक्याचा दवाखाना अजून दोन नद्या लांब असताना.
त्याला आम्हीच पुरलं, चुन्याच्या थराखाली.
लामा नाही, नातेवाईक नाहीत.
नानसलमा दोरीपलीकडे उभी होती.
तिने पळीने दूध शिंपडलं त्याच्या दिशेने,
वाऱ्याने ते उलटं फिरवलं.
माझ्या चष्म्यावर तीन थेंब.
हातमोजे घातले होते, पुसता आले नाहीत.
त्या दुधातूनच दिवसभर बघत राहिले.

चौथ्या संध्याकाळी मुलगा आला, शारव, अकरा वर्षांचा.
मी बूट काढत होते.
कदाचित म्हणूनच आला असेल.

मार्मॉट आधी माणूस होता, त्याने मला सांगितलं,
जसं काही हे मला कोणी सांगितलंच नसेल.
तिरंदाज होता. आकाशात सात सूर्य होते,
सहा पाडले, सातव्याच्या वेळी मध्ये पाकोळी आली.
बोललेला शब्द हुकला, म्हणून त्याने आपले अंगठे कापले
आणि जमिनीत गेला.
अजून त्याच्या अंगात एक तुकडा माणसाचा उरलाय.
तो खायचा नसतो.
बाबांनी काढला. मी टाकून आलो.

कशाने टाकलास?
हाताने.
कुठे असतो तो तुकडा?

त्याने डावा हात वर केला, दाखवायला,
आणि अर्ध्यातच त्याचा चेहरा आवळला.

शर्टाखाली, काखेत,
जर्दाळूच्या बीएवढी, गरम.
काखेत होतं ते,
आणि मी चार दिवस साऱ्या दरीला वळसा घालत होते.

पुरेवने स्टोव्ह पेटवला. सुया उकळल्या.
पहिलं इंजेक्शन रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी.
मुलगा रडला नाही. त्याची आई रडली,
मग उठून तिने चहा टाकला, मिठाचा, दूध घालून,
आणि लाकडी वाडगा दोन्ही हातांनी दोरीवरून पुढे केला.
तो घेणं नियमात बसत नाही. मी घेतला.
पिणंही बसत नाही, म्हणून मांडीवर धरून बसले.
साय धरली, सुरकुतली.
तिने ते पाहिलं आणि काही म्हणाली नाही.

पहाटे ताप एकोणचाळीस. त्याच्या आदल्या तासाला चाळीस.
एवढ्यावर मी कधी हुरळत नाही.
कातडं चार घरांत फिरलंय, हे तोवर कळलं होतं,
एकाने मांस तिकडे सीमेकडे नेलंय, घोड्यावरून,
आणि आमच्याकडे ट्रक एकच.

मेजर, मुलाने विचारलं,
माझ्या काखेतलं हे पण माणसाचंच ना?

हो, मी म्हटलं.
मग बाबांसारखं कापून टाकणार?

नाही, बाळा. तुझं तुझ्यातच ठेवायचं.

बाहेर पुरेव मोजत होता, मोठ्याने, थंडीत जिभेवर अडखळत:
चार. शून्य. सतरा.