वाढली

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
जांभळी नाक्याच्या गल्लीत सासऱ्यांपासूनची ही गादी;
भरताना रोज चार-दोन वाढतातच,
त्यांचे पैसे मी मागत नाही.

चेंदणी कोळीवाड्यातली रेवती नाखवा
लग्नात दोन-चारची होती.
साबण नको, अंगठा दुमडायला नको,
बांगडी आपली पाण्यासारखी आत.
मुलाच्या बारशाला दोन-सहा. म्हटलं, बाळंतपण.
मग दोन-आठ.
मग दोन-दहा, आणि हात माझ्या हातात मावेना.
मासळीवालीचा हात राकट असतो, ठाऊक आहे,
पण हा राकट नव्हता,
जाड होता, घामाने ओला,
अंगठी अर्धी मांसात गेलेली.

बाकड्यावरच्या बायका हसल्या,
हलवा सगळा घरीच खपतो वाटतं!
तीही हसली. तेव्हा दिसल्या दातांतल्या फटी.
आवाज खाली उतरलेला.
हल्ली बाजूने येणारी रिक्षा दिसतच नाही गं, म्हणाली
सहज, लाल की हिरव्या ते बघता बघता.

मी सातवी शिकलेली. पण माप मला कळतं.
चरबीचा हात दाबला की वाट देतो.
हिचा देत नव्हता.
बांगडी हाडावर अडत होती.
म्हटलं, रेवा, पस्तिशीत हाड कुणाचं वाढतं?
उद्याच्या उद्या सिव्हिलला जा.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी,
तिच्यात आणखी एक गाठ,
ती सारखी सांगत बसलेली शरीराला:
वाढ, अजून वाढ.
नाकातून काढली म्हणे. टाकासुद्धा दिसत नाही.

गौरीच्या आधी आली. बोट पुढे केलं,
अंगठी सैल.
म्हणाली, आता दोन-चार भर.
डॉक्टरांनी सांगितलं नाही का तुला?
सांगितलं. सूज उतरेल, हाड राहील. तू भर.

पहिली वाढली.
दुसरी वाढली.
तिसरीला तिने डोळे मिटून घेतले
आणि ती वाढल्यावर त्या जाड आवाजात म्हणाली,
पुरे.

वरच्या फळीवरून दोन-बाराचा डबा काढला.
तो मी टाळी वाजवत येणाऱ्या शबनमसाठी ठेवते,
ती कधी घासाघीस करत नाही.
हिरव्या, डझनभर.
साबण लागला नाही,
अंगठाही दुमडावा लागला नाही.

वाढलेल्या तिन्हींचे पैसे तिने गादीवर ठेवले.
मी परत केले.
एक काच तेवढी माझ्या तळव्यात होती,
ती गेल्यावर कळलं.