कडता

अक्काचा पहिला प्रश्न मला पाठ आहे.
शाहूपुरीत, गुळाच्या बाजारात, काट्याशेजारी
आमचे बाबा तोलाईदार,
आम्ही दोघं थप्पीवर बसून पाय हलवत होतो.
तीस किलोचा रवा, वहीत एकोणतीस.
"बाबा, एक किलो कुठं गेला?"
"तो कडता."
"कडता म्हणजे कोण?"

अडत्याचं सगळं दुकान हसलं.
बाबाही हसले, जरा उशिरा.
अक्कानं चिकट बोटांनी तो किलो
पाटीवर लिहून ठेवला.

पुढं त्याच किलोवर तिनं पीएच. डी. केली.
बाबांच्या बावीस वर्षांच्या वह्या
मी रद्दीवाल्याकडून पाठीवर परत आणल्या,
मुंग्यांसकट.
विद्यापीठाच्या माळावर परीक्षक पान उलटत म्हणाले,
"बाई, हा डाग कसला?"
"पुरावा, सर."

मग प्राध्यापक झाली, दिल्लीत किंमत आयोगावर गेली,
तिथून पत्रं यायची, अर्धी ख्यालीखुशाली, अर्धे तक्ते.
मी बाबांच्या जागी काट्यावर उभा.
पक्षाची माणसं तिकीट घेऊन आली तेव्हा
तिनं त्यांना चहाबरोबर
जाहीरनाम्यातल्या बेरजेच्या तीन चुका दिल्या.

गंगावेशीतल्या सभेला तिनं फळा मागवला.
कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला.
तालमीची पोरं कट्ट्यावर बसून शिट्ट्या मारत होती,
ती खडूनं एक रवा काढून म्हणाली,
"हा तुमचा. आता यातला पुसलेला तुकडा शोधा."
हमाल पुढं सरकले.
शिट्ट्या कधी थांबल्या मला कळलं नाही,
मी फळा धरून उभा होतो.

तिसऱ्या खेपेला ती सभागृहात पक्षाची नेता झाली.
पुढच्या बाकावर पातळ सुती साडी,
मागं ऐंशी-पंच्याऐंशी माणसं तिच्या मानेकडं बघून
बसायची नि उठायची.
तरी आकडा पाहिजे असला की फोन मलाच.

"करवीर तालुक्यात गुऱ्हाळं किती चालू?"
एसटीडी बूथ, बाहेर ट्रॅक्टर धडधडतोय.
मी ओरडलो, एकोणसत्तर.
तिकडं ऐकू गेलं एकोणसाठ.
रात्री रेडिओवर तिचं भाषण.
मंत्र्याला तिनं असा काही धुतला
की शेजाऱ्यांनी पेढे आणले.
मी पेढा हातात धरून बसलो.

कुणाला कळणार होतं?
मोजायला कोण येणार होतं उसाच्या फडात?
पहाटे बूथवाल्याला उठवलं.
अक्का, दहा कमी सांगितलेस तू.
पलीकडं बराच वेळ नुसती खरखर,
मीटर पळत होता.
मग म्हणाली, "जेवलास का रात्री?"

त्या दिवशी अकरा वाजता ती उभी राहिली,
"अध्यक्ष महोदय, काल मी दहा गुऱ्हाळं बुडवली.
ती चालू आहेत. चूक माझी."
समोरचे बाक वाजत राहिले, थट्टेनं.
स्वतःचे लोक म्हणाले, न विचारता कोण सांगतं?
वर्षाच्या आत नेतेपद गेलं.
कारण वेगळं दाखवलं, ते तसंच असतं.
माझं नाव तिनं कुठंच घेतलं नाही.
मला आजवर तेवढंच खुपतं.

आता ती राजारामपुरीत, खालच्या मजल्यावर राहते.
कडता बंदीचा नियम तिच्याच काळात आला;
बाजारात आता त्याला घट म्हणतात.

परवा म्हणाली, चल, सौदे बघून येऊ.
नवा काटा, लाल आकडे,
काट्यावरचा पोरगा मोबाइलात.
ती थप्पीकडं बघत बघत
काट्यावरच जाऊन उभी राहिली.
"ओ मावशी, उतरा की! एकोणपन्नास दाखवतंय."
अक्का खाली उतरली नाही.
चष्मा पुसला, आकडा नीट वाचला,
आणि त्याला विचारलं,
"कडता धरून, की सोडून?"