फाटलेला साबण

उद्यमबागेतल्या फौंड्रीनं तिसरी पाळी बंद केली
त्या आठवड्यात मी पावडरचा पुडा
दुकानाच्या फळीवर परत ठेवला.
दुकानदार म्हणाला, वहिनी, ऑफर हाय की, बादली फुकट.
बादल्या आहेत, म्हटलं. तीन.
त्यातली एक तर गळकीसुद्धा.

रविवार पेठेत धुण्याचा सोडा सुटा मिळतो,
गोणीतून, पत्र्याच्या मापानं.
गोणीवर नाव कन्नडात, चिठ्ठी मराठीत,
हमालाची शिवी दोन्हींत.
अर्धा किलो घेतला, साबणाच्या दोन पिवळ्या वड्या,
आणि घरी येऊन किसणी काढली.

किसणी माझ्या लग्नातली.
तिच्यावर आजवर खोबरं झालं, गाजरं झाली,
एकदा माझं बोटही.
साबण किसताना तिचा आवाज वेगळाच येतो,
ओला, दबका,
भिंतीपलीकडं कुणी निजलंय म्हणून जपून बोलल्यासारखा.
अन्विता पळत आली : हलवा?
म्हटलं, होय गं. बाबांच्या शर्टासाठी.

पहिला घाणा फसला.
आमच्याकडं नळ आठव्या दिवशी, एरवी सगळं बोअरवर,
आणि बोअरचं पाणी म्हणजे दगडाची पेज.
फेस नाहीच.
साबण फाटला, नासक्या दुधासारखा,
चोथा चोथा वर आला
आणि ह्यांच्या बनियनला चिकटून बसला.
वाळलेला टॉवेल दोरीवरून काढला
तर तो उभाच राहिला.
सासूबाई म्हणाल्या, भाकरी समजून वाढशील कुणाला तरी.

कल्लव्वा कंपाउंडवरून बघत होती.
तिनं पदरातून मूठभर काळपट फळं काढली.
अंटवाळकाई, म्हणाली.
मी म्हटलं, रिठे.
ती म्हणाली, अदऽ री, तेच.
मग तिच्या मराठीत : आदी सोडा टाक गे पाण्यात,
पाण्याला गप बसू दे घटकाभर,
मग साबण.
पाण्याचा राग आदी काढायचा,
नवऱ्यासारका.
तिचा नवरा सात वर्षं हुबळीला आहे.
मी पुढं विचारलं नाही.

दुसरा घाणा जमला.
फेस बेताचा, पण पाणी काळंभोर निघालं,
भट्टीची वाळू, कोळशाची पूड, ग्राफाइटची चमक,
सगळं मोरीतून गेलं.
ह्यांनी शर्ट नाकाला लावला.
कशाचाच वास येत नाही, म्हणाले.
तक्रार होती की नवल, कळलं नाही.
मीही हुंगला.
खरंच.
इतका रिकामा शर्ट
या घरात मी पहिल्यांदा बघितला.

कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं :
सोडा अठ्ठावीस. वड्या वीस. रिठे, कल्लव्वा.
वाचले एकशे बारा.
रिठ्यांपुढं आकडा काय घालायचा
सुचेना, तर रेघ ओढली.

महिनाअखेरीला अन्विता गणवेश घालेना.
खूप वेळानं बोलली :
सौंदर्याच्या ड्रेसला मोगऱ्याचा वास येतो.
मला कुणी चिडवत नाही काही.
फक्त प्रार्थनेला ती माझ्या पुढं उभी असते.

संध्याकाळी त्याच दुकानात गेले.
दुकानदार हसला नाही, त्याचं भलं होवो.
वासाची पुडी, निळी, बोटाएवढी.
शेवटच्या पाण्यात अर्धी पुरते,
उरलेलीचं तोंड दुमडून
सेफ्टी पिन लावून ठेवते.

कॅलेंडरवर आता एक ओळ जास्त आहे :
वास, तीन रुपये.
सासूबाईंनी चष्मा लावून वाचली,
बोलल्या काहीच नाहीत.
आज पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा
इकडंतिकडं बघत त्यांनी
आपलं नेसूचं लुगडं
गणवेशाच्या बादलीत हळूच सोडलं.