जपून

कुताइसीच्या बालवाडीत, लोखंडी शिडीपाशी
मी, नेस्तान, पंधरा वर्षं उभी आहे.

व्हाखो चढला की माझे हात खिशात.
"शाब्बास, अजून एक पायरी!"
तेक्ला चढली की हात आपोआप वर
आणि तोंडातून: जपून गं, जपून.

आज सहज मोजलं.
नाश्त्यापासून जेवणापर्यंत अकरा वेळा जपून.
मुलग्यांच्या वाट्याला एकही नाही.

इराक्ली लांबून दोरीवरच्या उड्या बघत होता.
त्याला काल मीच म्हटलं होतं,
तू चेंडू घे.

दुपारी तेक्ला पुन्हा आली.
एक पायरी, दोन.
तिसरीवर थांबून तिने खाली पाहिलं,
जमिनीकडे नाही,
माझ्या तोंडाकडे.

मी ओठ मिटले.
हात खिशात कोंबले.
तिथे तुतीचे डाग पडलेला रुमाल होता,
तोच घट्ट धरला.